लायटरने न पेटलेलं पफ पॅनल आगीत कसं वागतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: निफाड तालुक्यात द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये ६ बाय ५ मीटरची, साडेतीन मीटर उंचीची कोल्ड रूम करायची आहे. ठेकेदार १०० मिमीचं पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम) देतोय आणि ‘एफआर ग्रेड (म्हणजे ज्वालारोधक) आहे, जळत नाही’ म्हणतोय. त्याने तुकड्याला लायटर लावून दाखवला, तुकडा खरंच विझला. पॅकहाऊसच्या पत्र्याला आतून पफची फवारणीही तोच करणार आहे. भाऊ रॉकवूल (दगडापासून बनवलेली लोकर) घ्यायला सांगतोय. धोका खरा आहे की उगाच बाऊ? आणि फवारणी चालू असताना बायका पॅकिंगला बसल्या तर चालेल का?

आधी सरळ उत्तरं देतो, कारणं मागाहून. पॅनल जळतं, ‘एफआर’ असलं तरी जळतं. तरीही कोल्ड रूमला फोमचं पॅनल वापरणं चूक नाही. कोणतं घेता आणि कसं बसवता यावर ते ठरतं. पत्र्याखालची उघडी फवारणी मात्र करू नका. आणि फवारणी चालू असताना आणि संपल्यावर किमान २४ तास त्या छपराखाली पॅकिंग नको. त्यात तडजोड नाही.

तुमचा खरा प्रश्न ‘पफ की रॉकवूल’ हा नाहीच. भिंतीतला फोम आपणहून पेटत नाही. (फवारणीत एक अपवाद आहे, तो पुढे येईल.) त्याच्यापर्यंत उष्णता कोण नेतं, म्हणजे गॅस टॉर्च, वेल्डिंग, ग्राइंडर की वायरचं ढिलं टर्मिनल, आणि ती पोचते तेव्हा फोम उघडा असतो की झाकलेला, यावर रूम राहते किंवा जाते. म्हणून सगळ्यात जपायचे दिवस म्हणजे बांधकामाचे आणि पुढे दुरुस्तीचे. एकदा चालू झालेली, दार बंद असलेली रूम त्यामानाने शांत असते.

आता तो लायटर. तुकडा हातात असतो, मोकळ्या हवेत असतो. ज्योत नखाएवढ्या जागेला लागते आणि काढली की उष्णता चहूबाजूंना निघून जाते. फोममध्ये मिसळलेलं ज्वालारोधक रसायन (बहुतेक वेळा टीसीपीपी नावाचं क्लोरीन-फॉस्फरसचं द्रव्य) एवढ्याशा ज्योतीला पुरून उरतं. ते त्यासाठीच घातलेलं असतं. बंद खोलीतली आग वेगळी. तिथे गरम धूर छताखाली साठतो, त्याचं तापमान ५०० ते ६०० अंशांवर गेलं की वरून खाली एवढी धग मारतो की जमिनीवरचे पुठ्ठ्याचे बॉक्ससुद्धा ज्योत न लागता पेट घेतात. त्या धगीत टीसीपीपी असून नसल्यासारखं होतं. ठेकेदार तुम्हाला मुद्दाम फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला डीलरने हाच खेळ दाखवलेला असतो. पण या शब्दांचा घोळ जुना आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात फेडरल ट्रेड कमिशनने फोम-प्लास्टिकच्या उद्योगाला ‘आपोआप विझणारं’, ‘न जळणारं’ अशा शब्दांवरूनच धारेवर धरलं होतं. प्रयोगशाळेतल्या छोट्या ज्योतीच्या चाचणीवरून खऱ्या आगीबद्दल दावे करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

फोम इतक्या झटकन का पेटतो, तेही समजून घ्या. जो गुण तुम्ही विकत घेताय तोच इथे आड येतो. लाकडाच्या फळीला ज्योत लावली की थोडी उष्णता आत शिरते, पृष्ठभाग तापायला वेळ लागतो. फोम उष्णता आत जाऊच देत नाही, म्हणून वरचा थर काही सेकंदांत पेटण्याच्या तापमानाला पोचतो. ज्योत जवळ असेल तर साधारण ३०० ते ४०० अंश पुरतात. वेल्डिंगची ठिणगी उडते तेव्हा १,५०० अंशांच्या आसपास असते.

आणि माल किती आहे? तुमच्या रूमच्या चार भिंती ७७ चौरस मीटर, छत ३०, मिळून १०७. घनता ४० किलो प्रति घनमीटर धरली तर १०० मिमीच्या पॅनलमध्ये दर चौरस मीटरला ४ किलो फोम बसतो, म्हणजे सुमारे ४३० किलो. किलोमागे २६ मेगाज्यूल धरा. भिंती-छतात मिळून साधारण ७०० किलो वाळलेल्या लाकडाइतकी उष्णता भरलेली आहे. दोन्हीकडे पत्रा शाबूत असेल तोवर ती तिथेच पडून राहते. पत्र्याला भोक पडलं, सांधा उघडा राहिला किंवा कापलेली कड तशीच सोडली, की तिच्याकडे जायचा रस्ता उघडतो.

कोणतं पॅनल, याकडे वळू. बाजारात ‘पफ’ या एका नावाखाली दोन वेगळे फोम विकले जातात. एक साधा पॉलियुरेथेन, म्हणजे पीयूआर. दुसरा पॉलिआयसोसायन्युरेट, म्हणजे पीआयआर. पीआयआरमध्ये आयसोसायनेटचं (फोम ज्या दोन द्रवांपासून बनतो त्यांतल्या एकाचं) प्रमाण वाढवून रेणूंची बांधणी जास्त घट्ट केलेली असते. तो जळतोच, पण पृष्ठभागावर कोळशाचा जाड थर धरतो आणि त्या थराआडचा फोम काही काळ वाचतो. दोन्ही थर्मोसेट आहेत, म्हणजे थर्मोकोलसारखे वितळून पेटते थेंब खाली सोडत नाहीत. थर्मोकोलच्या पॅनलमध्ये आग लागली की आतला गाभा वितळून पोकळ होतो आणि नुसते पत्रे लोंबत राहतात. स्वस्त पडतं म्हणून तिकडे वळू नका.

तुमच्या भावाचं म्हणणं चुकीचं नाही, फक्त अर्धं आहे. रॉकवूल जळत नाही. पण पफची उष्णतावाहकता ०.०२२ ते ०.०२४ आणि रॉकवूलची ०.०४च्या आसपास. म्हणजे १०० मिमी पफचं काम करायला रॉकवूल १६५ ते १८० मिमी लागेल, आणि १०० किलो घनतेने दर चौरस मीटरला १६-१८ किलो वजन छताच्या आधारांवर येईल. शिवाय शून्य अंशाच्या रूममध्ये बाहेरची दमट हवा सतत आत घुसू पाहते. सांध्यातून बाष्प शिरलं की लोकर ओली होते, ओली झाली की रोधकता गेली, आणि ती वाळवायचा मार्ग नसतो. बंद कप्प्यांच्या फोमला हा त्रास कमी. म्हणून मी दोन्हीचा मेळ घालायला सांगेन: रूमला पीआयआर, आणि कंडेन्सिंग युनिट (कॉम्प्रेसरचं बाहेरचं युनिट), मुख्य विजेचा पॅनल किंवा बॅटरी चार्जिंगची जागा ज्या भिंतीला लागून असेल तिच्याबाहेर रॉकवूलची वेगळी आडभिंत. पैसे तिथे घाला.

पीआयआर मिळाला तरी ‘एफआर’ एवढ्या शब्दावर बिल फाडू नका. चाचणी कोणती, ते विचारा. यूएल-९४ एचबीएफ ही तुकडा आडवा धरून केलेली छोट्या ज्योतीची चाचणी, लायटरच्या खेळाची सभ्य आवृत्ती. डीआयएन ४१०२ मध्ये बी२ म्हणजे सामान्य ज्वलनशील आणि बी३ म्हणजे सहज पेटणारं. ‘बी३ सर्टिफाइड’ असं छातीठोक सांगणारेही भेटतात, त्यांना हसून निरोप द्या. युरोपीय ईएन १३५०१-१ मध्ये पूर्ण पॅनल सांध्यासकट तपासतात. तिथे बी-एस२,डी० किंवा बी-एस१,डी० असा वर्ग मागा. एस म्हणजे धूर, डी म्हणजे पेटते थेंब. अहवालात जाडी, घनता, पत्र्याची जाडी आणि प्रयोगशाळेचं नाव असतं. जाडी तुमच्या पॅनलशी जुळत नसेल तर तो अहवाल तुमच्या कामाचा नाही. नुसत्या गाभ्याचा अहवाल आणि पूर्ण पॅनलचा अहवाल यांतही फरक असतो. गाभ्याचा अहवाल पत्रा आणि सांधा यांबद्दल काहीच सांगत नाही.

धुराबद्दल लोक कमी बोलतात. आगीत बहुतेक माणसं भाजून नव्हे, धुराने जातात. कोणतीही सेंद्रिय वस्तू जळताना कार्बन मोनॉक्साइड देते. पॉलियुरेथेनच्या रेणूत नायट्रोजन असतो, त्यामुळे आग तापली आणि हवा कमी पडली की सोबत हायड्रोजन सायनाइडही निघतो. हवा कमी पडणं म्हणजे नेमकी कोल्ड रूमची अवस्था: खिडकी नाही, दार एक, तेही रबरी सीलचं. हायड्रोजन सायनाइडचं हवेतलं प्रमाण ५० पीपीएम झालं तरी ते जिवाला तत्काळ धोक्याचं मानतात. पेशींना ऑक्सिजन वापरताच येत नाही, माणूस गोंधळतो, दार समोर असून सापडत नाही. ओला रुमाल यातला एकही वायू अडवत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या स्टेशन नाइटक्लबमध्ये १०० आणि २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या किस नाइटक्लबमध्ये २४२ माणसं गेली. दोन्हीकडे आवाज अडवायला लावलेला पॉलियुरेथेन फोम उघडा होता आणि आतषबाजीने पेटला. तो मऊ फोम होता, तुमचा कडक आहे. वेग वेगळा, धुराचं रसायन तेच.

तुमच्या कामाशी अगदी जुळणारं उदाहरण मात्र दक्षिण कोरियातलं आहे. इचॉन शहरात ७ जानेवारी २००८ला शीतगृहाच्या आगीत ४० जण गेले. त्याच शहरात २९ एप्रिल २०२०ला बांधकाम चालू असलेल्या गोदामात ३८ जण गेले. दुसऱ्या आगीच्या तपासात आढळलं की तळघरात कूलिंग युनिटच्या पाइपचं गॅस वेल्डिंग चालू होतं, ठिणगी छताआडच्या युरेथेन फोममध्ये गेली, तिथे आधी ज्योतीविना धुमसत राहिली आणि मग भडकली. इव्हॅपोरेटरचे (रूमच्या आतल्या कूलिंग युनिटचे) तांब्याचे पाइप जोडणं हे काम तुमच्याही रूममध्ये होणारच आहे.

म्हणून त्या कामाची रीत नीट ठरवून घ्या. पहिला नियम: जेवढे सांधे बाहेर होतील तेवढे बाहेर करा. पाइपचे तुकडे जोडून तयार करा आणि मगच भिंतीतून घाला. आत फक्त युनिटजवळचे एक-दोन सांधे राहतील. भिंतीत भोक होल-सॉने पाडा, टॉर्चने किंवा तापवलेल्या सळईने नाही. भोकात पत्र्याची नळी बसवा, म्हणजे फोमची कापलेली कड पाइपला किंवा ज्योतीला थेट दिसत नाही. ब्रेझिंग (टॉर्चच्या ज्योतीने पाइपचे सांधे जोडणं) करताना भिंत आणि ज्योत यांच्यामध्ये सिरॅमिक ब्लँकेट टांगा आणि सांध्यापासून भिंतीकडे जाणाऱ्या पाइपवर ओलं फडकं गुंडाळा. तांबं उष्णता वाहून नेतं, ज्योत दोन फूट लांब असली तरी भोकातला फोम तापू शकतो. पाइपमधून नायट्रोजन सोडायला विसरू नका. तो आगीसाठी नाही, आत काजळी धरू नये म्हणून. पण नायट्रोजन आणणारा कारागीर बाकीचंही नीट करतो, असा माझा अनुभव आहे.

वेल्डिंग आणि ग्राइंडरसाठी अंतराचा ढोबळ नियम ३५ फुटांचा आहे, म्हणजे ११ मीटर. तेवढ्या घेरात पुठ्ठा, क्रेट, प्लास्टिक, फोमची कात्रणं काही नको. जे हलत नाही ते ब्लँकेटने झाका. भारतीय मानक आयएस ३०१६ याच विषयावर आहे, ठेकेदाराला नाव सांगा. रॅकचं वेल्डिंग तर रूममध्ये करायचं कारणच नाही. बाहेर करून नटबोल्टने जोडा. पत्रा ग्राइंडरने कापू नका, जिग-सॉ किंवा पत्राकातरी वापरा. अमेरिकन नियमात काम संपल्यावर पूर्वी अर्धा तास पहारा सांगत, आता एक तास सांगतात. फोमच्या बाबतीत मी तासानंतरही आणखी दोन-तीन तासांनी एक फेरी मारायला सांगतो, कारण आतला फोम गुपचूप धुमसतो. पत्र्यावर तळवा फिरवून बघा, कुठे कोमट लागलं तर तिथेच पत्रा कापून आत पाणी मारा. पहारा देणाऱ्याला दुसरं काम देऊ नका. ‘हो, लक्ष आहे’ म्हणणारा माणूस चहा आणायला गेलेला असतो. आणि दिवसाचं शेवटचं काम वेल्डिंगचं ठेवू नका. ते सकाळी उरका, म्हणजे दिवसभर माणसं जागेवर असतात.

विझवायला पाणी हवं. फोम घन पदार्थ आहे, त्याला थंड करावं लागतं. एबीसी पावडरने ज्योत दबते, आतली उष्णता राहते, दहा मिनिटांनी पुन्हा पेट घेते. म्हणून पावडरचा ६ किलोचा सिलिंडर हाताशी आणि पाण्याचा चालू पाइप दारापर्यंत ओढलेला, असं दोन्ही ठेवा. विजेच्या पॅनलसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वेगळा. आग भिंतीच्या आत शिरली असं दिसलं तर मात्र शौर्य नको. पत्र्याखाली ती कुठवर गेली ते दिसत नाही, पाणी पत्र्यावरून घसरतं आणि छताचं पॅनल अचानक खाली येतं. माणसं बाहेर काढा, शक्य असेल तर मुख्य स्विच बाहेरूनच पाडा आणि अग्निशमन दलाला सांगा की भिंती फोमच्या आहेत.

विजेचं थोडक्यात. वायर पॅनलच्या गाभ्यातून उघडी नेऊ नका. कंड्युट आणि दोन्ही तोंडांना ग्लँड. फोमने चहूबाजूंनी वेढलेल्या केबलची उष्णता बाहेर पडत नाही, अर्ध्या मीटरहून जास्त लांबी तशी असेल तर तिची क्षमता निम्मीच धरावी लागते. सांधा गाभ्यात कधीच नको. दाराच्या चौकटीचा हीटर आणि ड्रेनचा हीटर या दोन गोष्टींना ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) द्या. आणि द्राक्षाच्या रूमची एक खास भानगड: ग्रेप पॅडमधून (बुरशी लागू नये म्हणून बॉक्समध्ये ठेवतात तो कागद) सल्फर डायऑक्साइड सुटतो, ओलाव्याबरोबर तो तांब्या-पितळेची टर्मिनलं खातो, संपर्क ढिला होतो आणि तापतो. दर हंगामाआधी जंक्शन बॉक्स उघडून टर्मिनलं साफ करा आणि पुन्हा आवळा. बॉक्स शक्यतो रूमच्या बाहेरच ठेवा.

पाइप-वायरच्या भोवतालची फट सगळे डब्यातल्या पफने भरतात. त्याने हवा अडते, आग अडत नाही. आगीसमोर टिकायला भोकात रॉकवूल ठासून बाहेरून आगीत फुगणारं सीलंट लावावं लागतं. डब्याबद्दलच सांगायचं तर ७५० मिलीच्या त्या डब्यात ढकलणारा वायू म्हणून प्रोपेन, ब्यूटेन किंवा डायमिथाइल इथर असतो. बंद रूममध्ये एकामागून एक डबे रिकामे केले आणि शेजारी टॉर्च पेटवली की स्फोटाची सोय झाली. डब्याचं काम आणि टॉर्चचं काम एकाच दिवशी ठेवू नका. डबे गाडीत उन्हात ठेवू नका, ५० अंशांवर ते फुटू शकतात. रिकामे जाळू तर अजिबात नका.

आता पत्र्याखालची फवारणी. तिथे फोमवर पत्रा नाही, काहीच नाही. आग खाली पुठ्ठ्यात लागली की धूर थेट उघड्या फोमला तापवतो आणि ज्वाळा छताखालून शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला पळते. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत म्हणूनच माणसं वावरतात त्या जागेत फोमवर १५ मिनिटं टिकणारं आवरण सक्तीचं आहे, साधारणपणे १२.७ मिमी जिप्सम बोर्ड. तुमच्या ओलसर पॅकहाऊसमध्ये जिप्सम टिकणार नाही. कॅल्शियम सिलिकेट किंवा फायबर सिमेंट बोर्ड लागेल. तो खर्च धरला की फवारणीची स्वस्ताई संपते. त्याऐवजी जाळीवर रॉकवूल आणि खाली पत्रा, किंवा सरळ इन्सुलेटेड छप्परपॅनल घ्या. गळणारा पत्रा फोमने बंद होतो म्हणून फवारणी करताय का? तसं असेल तर आधी पत्रा बदला, फोमच्या आड तो गंजत राहतो आणि दिसतही नाही.

आरसीसी गच्चीवरची फवारणी हे वेगळं प्रकरण आहे. तिथे वर सिमेंटचा थर येतो, उन्हाने फोम पिवळा पडून भुकटी होत नाही आणि दिवाळीतला रॉकेट पडला तरी काही होत नाही. फक्त तो थर घालायचं काम ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणून दिवाळीपलीकडे ढकलू नका.

कुठेही फवारणी केलीच तर आधी म्हटलेला अपवाद आठवा: फोम बनतानाच उष्णता निघते. पॉलिऑल आणि आयसो (म्हणजे आयसोसायनेट) या दोन द्रवांची प्रक्रिया उष्णता सोडते आणि तयार होणारा फोम ती आत कोंडतो. म्हणून एका थराची जाडी उत्पादकाने ठरवलेली असते, पुष्कळ मालांना कमाल ५० मिमीच्या आसपास, आणि पुढच्या थराआधी मागचा थंड व्हावा लागतो. घाईत एकदम शंभर-दीडशे मिमी मारलं की आतला गाभा करपतो, काही वेळा काही तासांनी पेटही घेतो. एप्रिलमधल्या दुपारी पत्राच साठ अंशांवर असतो, तेव्हा हे आणखी लवकर होतं. काम सकाळी करा. गन साफ करताना मारलेला फोम बादलीत किंवा गोणीत साठवणं ही तर हमखास चूक. त्या गोळ्याच्या पोटात तापमान दीडशे अंशांच्या वर जातं. तो बाहेर मोकळ्या जागी पातळ पसरवा, थंड झाल्यावर तोडा. मालात फुगवणारा वायू कोणता, तेही विचारा. भारतात एचसीएफसी-१४१बी १ जानेवारी २०२० पासून बंद झाला, त्यानंतर काही मालांत सायक्लोपेंटेन आला, आणि तो सहज पेट घेतो. तसा माल असेल तर बिडी, स्विच, ठिणगी सगळ्याचाच विचार करावा लागतो.

पॅकिंगच्या बायकांचं उत्तर आयसोमध्ये आहे. ड्रममधला आयसो म्हणजे एमडीआय. भोपाळचं नाव निघालं की लोक घाबरतात. तिथे १९८४ मध्ये सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, फार लवकर वाफ होणारा वेगळा पदार्थ. एमडीआय थंड असताना जवळजवळ वाफ सोडत नाही. पण फवारणीत तो तापवून बारीक तुषार करून उडवतात, आणि ते तुषार फुप्फुसात जातात. अमेरिकन मर्यादा ०.०२ पीपीएम आहे आणि तेवढ्याला वास येतच नाही, म्हणून ‘वास नाही म्हणजे काही नाही’ हा हिशेब इथे चुकतो. काहींना त्याची ॲलर्जी बसते. एकदा बसली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दमा उठतो, कधी काम संपून घरी गेल्यावर, रात्री. त्यावर उपाय एकच, त्या कामापासून कायमचं दूर राहणं.

म्हणून आत फवारणाऱ्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट, नायट्राइलचे हातमोजे. कापडी मास्क म्हणजे नुसता देखावा. बाकी सगळे शेडबाहेर, शेजारच्या खोलीचे पंखे आणि कूलर बंद, द्राक्षं आणि पॅकिंगचा माल हलवलेला. त्यानंतर आर-पार हवा खेळवून २४ तास. दोन दिवसांनीही माशासारखा उग्र वास राहिला, किंवा फोम चिकट वा ठिसूळ लागला, तर दोन रसायनांचं प्रमाण बिघडलं आहे. तो भाग खरवडून काढायला लावा; रंग मारून झाकायचा नाही.

ड्रम १५ ते ३० अंशांत, सावलीत, कोरड्यात ठेवा. आयसोच्या ड्रममध्ये पाणी गेलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. झाकण घट्ट लावलं तर ड्रम फुगून फुटतो, म्हणून पाणी गेल्याची शंका असेल तर झाकण ढिलं ठेवून तो मोकळ्यावर न्या. सांडलं तर वाळू किंवा भुसा टाकून गोळा करा, मग ५ ते १० टक्के धुण्याचा सोडा आणि थोडं लिक्विड साबण घातलेल्या पाण्याने जागा धुवा; तो कचराही दोन दिवस बंद डब्यात कोंडू नका. अंगावर उडालं तर लगेच पुसून साबण-पाण्याने धुवा, थिनर-रॉकेल नको. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं पाणी आणि थेट डॉक्टर.

रूम चालू झाल्यावर बाकी राहतं ते शिस्तीचं. पुठ्ठ्याचे बॉक्स आणि पॅलेट पॅनलला टेकवून रचू नका, एक मीटर सोडा. दार आतून उघडणारं हवं, कुलूप लावलेलं असतानाही. आत बटण आणि बाहेर भोंगा. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याखाली मालकाने यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची असते आणि परवानाधारक संस्थेचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. तुमच्या शेडला नेमकं काय लागू होतं ते क्षेत्रफळ आणि वापरावर ठरतं, स्थानिक अग्निशमन अधिकाऱ्याला नकाशा घेऊनच विचारा.

ठेकेदाराच्या ऑर्डरमध्ये एवढं लिहून घ्या: गाभा पीआयआर, घनता ४० अधिक-उणे २, दोन्ही बाजूंना ०.५ मिमी पत्रा, पूर्ण पॅनलचा त्याच जाडीचा चाचणी अहवाल, सर्व कापलेल्या कडा पत्र्याच्या पट्टीने झाकलेल्या, रूममध्ये वेल्डिंग बंदी, ब्रेझिंगच्या दिवशी पाणी आणि पहारेकरी त्याचा. शेवटच्या दोन अटींवर तो कुरकुरला तर दर थोडा वाढवून द्या, अटी काढू नका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलेली नाही. कंडेन्सिंग युनिट आणि विजेचा मुख्य पॅनल कोल्ड रूमच्या कोणत्या भिंतीला लागून येणार आहेत? आणि रूमचं दार पॅकिंगच्या टेबलांकडे उघडतं की थेट बाहेर? दोन्ही लिहून कळवा, त्यावर आडभिंत कुठे आणि किती लांब घालायची ते सांगता येईल.